अनुदानित सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या समाजकार्यकर्त्यांसाठी : नियमांच्या चौकटीत व्यावसायिक निर्णय कसा घ्यावा

शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवेत पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा माझी एक ठाम समजूत होती. महाविद्यालयात शिकलेली मूल्ये एका बाजूला, कार्यालयाचे नियम दुसऱ्या बाजूला, आणि आपण रोज या दोहोंपैकी एकाची निवड करायची, असे मला वाटत असे. पहिली दोन वर्षे मी कधी नियमांवर चिडण्यात आणि कधी त्यांच्याआड लपण्यात घालवली. हळूहळू लक्षात आले की सेवार्थीच्या, म्हणजे आपल्याकडे सेवेसाठी येणाऱ्या माणसाच्या, आयुष्यावर परिणाम करणारे बहुतेक निर्णय या दोन टोकांवर होतच नाहीत. ते अर्जातील एखाद्या रकान्यात, भेटीची वेळ ठरवताना किंवा फाइलवर मारलेल्या दोन शब्दांच्या शेऱ्यात होतात. तिथे आपल्याकडे अधिकार असतो, पण तो आहे असे कोणी सांगत नाही, आणि न वापरल्यास कोणी विचारतही नाही.

मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० साली हेच सविस्तर मांडले होते. शिक्षक, पोलीस, समाजकार्यकर्ते अशा, लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे रोजचे निर्णय आणि कामाचा रेटा आवरण्यासाठी त्यांनी लावून घेतलेल्या सवयी हेच नागरिकाच्या वाट्याला येणारे खरे धोरण असते, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्ही थेट शासनाच्या विभागात असा किंवा शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत असा, हे तुम्हालाही लागू आहे. पुढील टप्पे मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने दिलेले नाहीत. ज्या क्रमाने शिकायला हवे होते त्या क्रमाने दिले आहेत.

हाताशी ठेवायची कागदपत्रे

– नेमणूकपत्र आणि कामाचे लेखी वर्णन
– योजनेचे मूळ नियम, मार्गदर्शक सूचना आणि त्यानंतर निघालेली परिपत्रके, तारखेच्या क्रमाने
– संस्था अनुदानावर चालत असल्यास अनुदानाचा करार, निदान त्यातील सेवेच्या अटींचा भाग
– तुम्हाला लागू असलेली व्यावसायिक आचारसंहिता
– गोपनीयतेचे नियम आणि कोणत्या बाबी वरिष्ठांना किंवा यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे त्यांची यादी
– सेवार्थीला उपलब्ध असलेली अपिलाची आणि तक्रारीची पद्धत, मुदतींसह
– एक वही, जिच्यात कोणत्याही सेवार्थीचे नाव कधीही लिहायचे नाही

१. पहिल्या आठवड्यात मूळ नियम स्वतः वाचा

नव्या माणसाला काम शिकवले जाते ते तोंडी, आणि तोंडी शिकवण्यात नियम आणि रिवाज यांची सरमिसळ होते. ‘इथे असेच करतात’ हे वाक्य ऐकले की ते वहीत लिहून ठेवा आणि त्यासमोर नियमाचा क्रमांक लिहायला जागा सोडा. मी कित्येक महिने अर्जदारांना घरमालकाचे पत्र आणायला परत पाठवत होते, कारण काउंटरवरील छापील यादीत तसे लिहिले होते. मूळ नियमात फक्त ‘वास्तव्याचा पुरावा’ असे शब्द होते. घरमालकाचे पत्र ही कोणीतरी पूर्वी आपल्या सोयीसाठी घातलेली भर होती, आणि भाड्याची नोंद नसलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसाला नेमके तेच पत्र मिळत नव्हते. त्या महिन्यांत किती लोक परत आलेच नाहीत, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

अनुदानित संस्थेत काम करणाऱ्यांनी अनुदानाचा करार पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. ‘निधी देणाऱ्यांना चालणार नाही’ असे सांगून नाकारल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींबद्दल करारात अवाक्षरही नसते.

२. नियमाचे क्रियापद वाचा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी. नियमाचे वाक्य कुठे संपते ते पाहा. ‘आवश्यक आहे’, ‘बंधनकारक राहील’, ‘करावे’ असा शेवट असेल तर तिथे तुम्हाला निवड नाही. ‘करता येईल’, ‘विचार करण्यात येईल’ असा शेवट असेल, किंवा वाक्यात ‘योग्य वाटल्यास’, ‘पुरेसे कारण असल्यास’, ‘वाजवी मुदतीत’, ‘अपवादात्मक परिस्थितीत’ असे शब्द असतील, तर नियम करणाऱ्याने तिथे जाणूनबुजून कोणाच्यातरी विवेकाला जागा ठेवलेली आहे.

उदाहरणार्थ, ‘सलग तीन भेटींना सेवार्थी अनुपस्थित राहिल्यास प्रकरण बंद करता येईल’ असा नियम घ्या. कामाच्या रेट्यात हे वाक्य ‘तिसऱ्या अनुपस्थितीनंतर प्रकरण बंद करावे’ असे वाचले जाते, आणि काही वर्षांनी सगळ्यांना ते तसेच पाठ असते. ‘येईल’चे ‘करावे’ होण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज लागत नाही.

रॉनाल्ड ड्वॉर्किन या कायद्याच्या तत्त्वज्ञाने विवेकाधिकाराला डोनटच्या मधल्या भोकाची उपमा दिली होती : भोवतीचे कडे असते म्हणूनच मधली पोकळी असते. ही उपमा मला उपयोगी वाटते, कारण ती दोन्ही बाजूंनी सावध करते. नियम नसतील तर विवेकाधिकारही नसतो, नुसती मर्जी उरते. आणि नियम आहेत म्हणजे मध्ये काहीच मोकळे नाही, हेही खरे नाही.

प्रत्यक्षात असे करा. नियमांच्या प्रतीवर तीन खुणा ठरवा : निवड नसलेल्या जागी एक, तुम्हाला स्वतःला निर्णयाचा अधिकार असलेल्या जागी दुसरी, आणि अधिकार वरिष्ठांना असून शिफारस तुम्ही करू शकता अशा जागी तिसरी. तिसरी खूण बहुतेक जण विसरतात. ‘माझ्या हातात काही नाही’ असे सेवार्थीला सांगण्यापूर्वी, ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर प्रकरण मांडण्याचा मार्ग खुला आहे का, हे पाहणे तुमच्या कामाचाच भाग आहे.

इथे एक सापळा आहे. मोकळी जागा सापडली की ती आपल्याला आवडणाऱ्या, नम्र बोलणाऱ्या, आपले आभार मानणाऱ्या सेवार्थींसाठी वापरली जाते, आणि भांडखोर माणसाला नियम अक्षरशः लावला जातो. म्हणून सवलत देताना स्वतःला विचारा : हेच कारण घेऊन मला न आवडणारा माणूस आला तर मी हाच निर्णय देईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते कारण खरे नाही.

३. मूल्ये प्रश्नांच्या रूपात लिहून ठेवा

आंतरराष्ट्रीय समाजकार्य महासंघ आणि समाजकार्य विद्यालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१४ साली समाजकार्याची जागतिक व्याख्या स्वीकारली. सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही तत्त्वे तिच्या मध्यभागी आहेत. २०१८ साली डब्लिन येथे नैतिक तत्त्वांचे निवेदनही मंजूर झाले. त्याआधी, १९५७ मध्ये, समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बीस्टेक यांनी व्यक्तिसहाय्य कार्यातील, म्हणजे एकेका व्यक्तीला मदत करण्याच्या कामातील, नात्याची सात तत्त्वे मांडली होती : प्रत्येकाला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणे, भावना व्यक्त करू देणे, स्वतःच्या भावनांवर ताबा ठेवून प्रतिसाद देणे, स्वीकार, दोषारोप न करणे, स्वयंनिर्णय आणि गोपनीयता. परीक्षेसाठी आपण ही सगळी पाठ करतो. ती कामाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत, कारण टेबलावर तत्त्व येत नाही, अर्ज येतो.

म्हणून प्रत्येक तत्त्वाचा एक प्रश्न करा आणि तो फाइल मिटताना विचारा. स्वयंनिर्णयाचा प्रश्न : मी ही व्यवस्था ठरवण्यापूर्वी त्यांना पर्याय सांगितले का, की ठरलेली गोष्ट कळवली? दोषारोप न करण्याचा प्रश्न : माझे हे टिपण त्यांनी स्वतः वाचले तर त्यांना ते अपमानास्पद वाटेल का? सामाजिक न्यायाचा प्रश्न : ही अडचण एकट्या या माणसाची आहे, की असे अनेक जण माझ्यासमोर बसून गेले आहेत?

मूल्ये नियमांशी भांडतात त्यापेक्षा अधिक वेळा ती आपापसांतच भांडतात. वृद्ध माणूस एकटा राहण्याचा हट्ट धरतो आणि पडतो. तिथे स्वयंनिर्णय आणि सुरक्षितता समोरासमोर उभ्या असतात. समाजकार्यातील नीतिप्रश्नांवर लिहिणारे फ्रँक लोवेनबर्ग आणि राल्फ डॉलगॉफ यांनी अशा वेळी वापरण्यासाठी उतरता क्रम सुचवला आहे : जीविताचे रक्षण, समता, स्वायत्तता, कमीत कमी हानी, जीवनमान, गोपनीयता आणि शेवटी सत्यकथन. घाईच्या क्षणी हा क्रम आधार देतो. सत्यकथन तळाशी ठेवणे मला पटत नाही, कारण सेवार्थीशी एकदा खोटे बोलल्यावर वरच्या सहा गोष्टींसाठी लागणारा विश्वासच उरत नाही; पण क्रमाशी वाद घालताना निदान आपण काय कशाच्या वर ठेवत आहोत हे स्पष्ट होते.

अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता असे स्पष्ट सांगते की नोकरी देणाऱ्या संस्थेची धोरणे नैतिक कामाच्या आड येऊ देऊ नयेत. तुमच्या आचारसंहितेत असे कलम आहे का ते शोधा आणि असल्यास त्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आठव्या टप्प्यात तो लागेल.

४. पहिल्या भेटीतच स्वतःची जागा सांगा

तुम्ही कोणासाठी काम करता, तुमचा पगार कुठून येतो आणि सांगितलेले कोणापर्यंत जाऊ शकते, हे सेवार्थीला पहिल्याच भेटीत, तेही त्यांनी काही खासगी सांगण्यापूर्वी, कळले पाहिजे. मी साधारण असे सांगते : “मी तुम्हाला मदत करण्यासाठी आहे, पण मी या विभागाची कर्मचारीही आहे. आपले बोलणे मी बाहेर सांगत नाही. मात्र कोणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका आहे असे कळले, तर मला ते कळवावे लागते. आपल्या भेटीची नोंद फाइलमध्ये राहते आणि माझे वरिष्ठ ती पाहू शकतात. ती नोंद तुम्हाला पाहायची असेल तर कशी मागायची, तेही सांगते.” शेवटची दोन वाक्ये आपल्या कार्यालयाचे नियम पाहूनच बोला.

‘तुम्ही जे सांगाल ते आपल्या दोघांतच राहील’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. ते प्रेमापोटी तोंडातून जाते आणि ज्या दिवशी मोडावे लागते त्या दिवशी माणूस कायमचा दुरावतो.

५. टिपण असे लिहा की निर्णयामागचे कारण दिसेल

समाजकार्यकर्त्याचा अधिकार कागदावर कारणाच्या रूपाने उरतो. कारण लिहिलेले नसेल तर चांगला निर्णयही लेखापरीक्षणात अनियमितता ठरतो, आणि वाईट निर्णय वर्षानुवर्षे फाइलमधून पुढे सरकत राहतो.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. एका महिलेच्या फाइलवर मी ‘वारंवार सूचना देऊनही सहकार्य नाही’ असा शेरा मारला होता. ती सकाळी दहाच्या भेटीला तीनदा आली नव्हती. चौथ्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या तिचे डोळे मिटत होते, आणि बोटांना सफाईच्या द्रावणाने भेगा पडल्या होत्या. ती रात्रपाळी करत होती; सकाळी आठला घरी पोहोचून मुलांना शाळेत सोडत होती. मी तिला वेळ विचारली नव्हती, दिली होती. तो शेरा पुढच्या दोन कार्यकर्त्यांनी न वाचता उतरवून घेतला, आणि दुसऱ्या एका अर्जात तिच्याविरुद्ध तोच आधार म्हणून पुढे आला.

त्याच प्रसंगाची योग्य नोंद अशी झाली असती : “तीन भेटींना अनुपस्थित. तिन्ही वेळा सकाळी १० ची होती. ही वेळ ठरवताना त्यांना विचारले नव्हते. फोनवर विचारले असता रात्रपाळी असल्याचे सांगितले. दुपारी ४ ची वेळ त्यांना सोयीची आहे. अनुपस्थितीबाबतच्या नियमात ‘बंद करता येईल’ असे असल्याने आणि अनुपस्थितीचे कारण वाजवी असल्याने प्रकरण सुरू ठेवत आहे.”

यात चार गोष्टी आहेत : काय पाहिले किंवा ऐकले, सेवार्थीचे स्वतःचे म्हणणे, कोणते पर्याय होते आणि निर्णय कोणत्या नियमाच्या आधारे कोणत्या कारणासाठी घेतला. ‘असहकार्य’, ‘उद्धट’, ‘बेजबाबदार’ ही विशेषणे निरीक्षण नसतात. त्यांच्या जागी माणसाने काय केले ते लिहा. नोंद शक्यतो त्याच दिवशी करा. जुनी नोंद चुकीची होती असे नंतर कळले तर ती खोडू नका किंवा बदलू नका; खाली नव्या तारखेने दुरुस्ती लिहून सही करा. मी त्या फाइलवर तशी दुरुस्ती केली, पण ती शेऱ्यानंतर जवळपास वर्षाने.

६. उद्दिष्टाचे आकडे खरे द्या आणि त्यांच्याशेजारी एक ओळ लिहा

दरमहा किती गृहभेटी, किती प्रकरणे बंद, किती दिवसांत निकाली, हे आकडे निधी देणाऱ्यांना लागतात आणि त्यात गैर काही नाही, कारण तो लोकांचा पैसा आहे. अडचण अशी की आकडे सोप्या प्रकरणांना बक्षीस देतात. दोन सह्यांत सुटणारी प्रकरणे आधी घेतली जातात आणि गुंतागुंतीची फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते.

उपाय मर्यादित आहेत. अहवालात शेऱ्याचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका : ‘या महिन्यात ४ प्रकरणांत प्रत्येकी ५ हून अधिक भेटी लागल्या, त्यामुळे एकूण प्रकरणांची संख्या कमी आहे’ अशी ओळ सलग काही महिने गेली की बैठकीत बोलायला आधार तयार होतो. न झालेली भेट झाली असे दाखवू नका. सेवार्थीच्या भल्यासाठी उत्पन्नाचा आकडा ‘जरा कमी’ लिहिणे हाही सापळाच आहे. उघडकीस आल्यावर वसुली त्यांच्याकडूनच होते, आणि तुमच्या खऱ्या शिफारशींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अपवादाचे कलम उघडपणे वापरा, चोरवाट काढू नका.

कागदपूर्तीचा अतिरेक केवळ कर्मचाऱ्यांची कुरकुर नसतो. इंग्लंडमधील बालसंरक्षण व्यवस्थेचा समाजकार्याच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांनी केलेला आढावा २०११ मध्ये पूर्ण झाला. त्याचा मुख्य निष्कर्ष असा होता की व्यवस्था कार्यपद्धती पाळली गेली की नाही यातच गुंतली असून मुलाला मदत झाली का हा प्रश्न मागे पडला आहे. बैठकीत हा दाखला देता येतो.

७. संगणकाने दिलेल्या निकालाला माणसासारखेच प्रश्न विचारा

ऑस्ट्रेलियात २०१५ साली सुरू झालेली आणि पुढे ‘रोबोडेट’ या नावाने ओळखली गेलेली योजना लक्षात ठेवा. लोकांचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटून त्यावरून जादा दिलेल्या भत्त्याची वसुली काढली जात होती. ज्यांनी वर्षातील काही महिनेच काम केले होते त्यांच्यावर नसलेले कर्ज लादले गेले. ही पद्धत बेकायदेशीर ठरली, आणि २०२३ साली रॉयल कमिशनच्या, म्हणजे शासनाने नेमलेल्या उच्चस्तरीय चौकशी आयोगाच्या, अहवालाने तिच्यावर कठोर टीका केली.

स्क्रीनवर ‘अपात्र’ आले तर तीन गोष्टी शोधा : कोणत्या माहितीवरून, ती माहिती कोणत्या तारखेची, आणि फेरतपासणी कोणाकडे मागायची. हे सेवार्थीला लेखी द्या, कारण अपिलाची मुदत त्यांची धावत असते, तुमची नाही.

८. असहमती लेखी, क्रमाने आणि एका पानात मांडा

वरिष्ठांचा आदेश तुम्हाला चुकीचा वाटला तर आधी बोला. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वाद इथेच संपतात, कारण वरिष्ठांकडे प्रकरणाची पूर्ण माहिती नसते किंवा तुमच्याकडे नियमाची नसते. संपला नाही तर छोटे पत्र लिहा : “अमुक तारखेला अमुक प्रकरणात पुढील कार्यवाहीची सूचना मिळाली. त्याचा सेवार्थीवर असा परिणाम होईल. अमुक नियमानुसार हा पर्याय उपलब्ध आहे. आचारसंहितेचे अमुक कलम मला लागू आहे. या पर्यायास मान्यता मिळावी अथवा मूळ सूचना लेखी मिळावी, ही विनंती.” विशेषणे नकोत, जुन्या तक्रारी नकोत, इतर सहकाऱ्यांची नावे नकोत. पत्राची पोच घ्या.

तोंडी आदेश मिळाला असेल तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार मी असे करत आहे, समजण्यात चूक असल्यास कळवावे’ असा ईमेल पाठवा. अशा आदेशांपैकी निम्मे उत्तरादाखल बदलून येतात. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र पत्रव्यवहाराची वाट पाहू नका; आधी ठरलेल्या संरक्षण यंत्रणेला कळवा, मग लिहा. आणि आपल्या लढाईत सेवार्थीला पुढे करू नका. अपील करायचे की नाही हा निर्णय त्यांचा आहे. तुम्ही मार्ग सांगायचा आणि ते मागतील तेवढी मदत करायची.

९. हतबलता आणि थकवा यांत फरक करा

योग्य काय ते ठाऊक असूनही संस्थेच्या बंधनांमुळे ते करता येत नाही, या अवस्थेला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ साली परिचारिकांच्या संदर्भात ‘नैतिक क्लेश’ म्हटले. त्यावर नुसती सुटी पुरत नाही. पर्यवेक्षणाच्या बैठकीत ‘मी थकले आहे’ असे मोघम न सांगता कोणत्या प्रकरणात, कोणत्या नियमापाशी हात बांधले गेले ते सांगा. पर्यवेक्षण फक्त प्रलंबित कामाच्या यादीपुरते होत असेल तर महिन्यातून एकदा दोन विश्वासू सहकाऱ्यांसोबत तास काढा. नावे मात्र तिथेही नकोत.

त्यासाठीच ती वही. नियमाचा क्रमांक, तारीख, काय अडले, इतकेच लिहायचे. घरमालकाच्या पत्राच्या नोंदी अकरा झाल्या तेव्हा मी त्या नियमाच्या मूळ वाक्यासह एका पानावर बैठकीत ठेवल्या. चर्चा दहा मिनिटेही चालली नाही. परिपत्रक वगैरे काही निघाले नाही. काउंटरवरील छापील यादी बदलली आणि जुन्या यादीवर नवी चिकटवली गेली. तुमच्या कार्यालयातही अशी यादी असेल. तिच्या खाली कोणाची सही आणि कोणती तारीख आहे, ते पाहून घ्या.